किल्ली हरकतदाराकडे

"त्याच्या आणि बाटलीच्या मधे तू उभी राहा. दुसऱ्या कुणाला जमायचं नाही. थोरला भोळा आहे, आणि मी तर निघालेच."

सासूबाईंचे हे शब्द. उशीला टेकून बसल्या होत्या, आवाज बारीक झाला होता, पण हुकूम सोडायची सवय काही बारीक झाली नव्हती. 'तो' म्हणजे त्यांचा धाकटा, माझे दीर. भाऊजींनी तेव्हा पिणं नुकतंच सोडलं होतं. त्याआधी कितीदा तरी ते दुकानातल्या बटाट्यांच्या पोत्यांवर झोपलेले सापडत आणि सासूबाई त्यांच्या उशाशी बसून उजाडायची वाट बघत. मी "हो" म्हटलं. त्यांनी डोळे मिटले आणि पुन्हा उघडून म्हणाल्या, "नुसतं हो नको म्हणूस. तू हो म्हणतेस आणि मग करतेसच, म्हणून तुला सांगतेय."

रोज सकाळी दिवा लावताना मी देवाला दोन गोष्टी कबूल करते. खोटं बोलणार नाही, आणि कुणाचं वर्म चारचौघांत काढणार नाही. आमचे हे म्हणतात, "मग माणसाने बोलायचं तरी काय?" खरं आहे. म्हणून मी थोडंच बोलते, आणि तेही हळू.

सासूबाई गेल्या आणि आमच्या घरातून एक शब्दही गेला. तेलाला आम्ही "ते तेलाचं" म्हणायला लागलो, औषधाला "ते खोकल्याचं". प्रवासाला निघताना "पाण्याचं ते घेतलंस का?" असं विचारायचं. पाहुण्यांना वाटे, या घरात सगळ्यांना विसरभोळेपणा लागलाय. कुणी कुणाला बजावलं नव्हतं. पण भाऊजींसमोर 'बाटली' म्हणायचं नाही, हे भिंतींनाही कळलं होतं. भाऊजींनीही कधी विचारलं नाही की तुम्ही सगळे असे चाचरता का.

दुकान आमचं कोपऱ्यावरचं. पाव, दूध, बटाटे, साबण, सुया-दोरे, शिवाय सासऱ्यांच्या काळातल्या बुटांच्या नाड्या, ज्या कुणी घेत नाही आणि हे टाकू देत नाहीत. चौकापलीकडे मोठं दुकान निघालं आणि आमचं लहान दिसायला लागलं. तिथे सगळं मिळतं, आणि 'ते'ही मिळतं. माणूस संध्याकाळी 'ते' घ्यायला जातो आणि जाता जाता पावही तिथलाच उचलतो. हे काचेमागे उभे राहून परतणाऱ्यांच्या पिशव्या न्याहाळत. "बघ, शिंपी चालला. अगं, साबणसुद्धा तिथलाच! आपल्या साबणाला काय फेस येत नाही?"

उरलेला पाव आम्ही तिघांनी रात्री खाल्ला, सकाळी खाल्ला, आणि दुपारी तो पुन्हा ताटात आला तेव्हा हे म्हणाले, "आता एकच उपाय. आपणही तो माल ठेवायचा. नाहीतर दुकानाला कुलूप."

भाऊजी ताटात बघत होते. "बरोबर आहे, दादा," म्हणाले आणि पाव संपवला.

अशा परवान्यासाठी अर्ज केला की दुकानाच्या काचेवर नोटीस लावायची, असा नगरपालिकेचा नियम. कुणाची हरकत असेल तर त्याने नोंदवायची, मग परवाना समिती दोन्ही बाजू ऐकून निर्णय देते. नोटीस लावली ती भाऊजींनीच. चिकटवणं, टांगणं, खिळे ठोकणं ही सगळी कामं त्यांची. पट्टी धरून, चारी बाजूंना सारखी जागा सोडून, मधे एक बुडबुडा राहू न देता त्यांनी ती लावली. हे चार पावलं मागे जाऊन म्हणाले, "वा! चित्रासारखी लावलीस." आणि माझ्या कानाशी येऊन, "बघितलंस? त्याला काही वाटलंसुद्धा नाही."

मी भाऊजींच्या हातांकडे बघत होते. नोटीस लावून झाली होती, तरी ते काच पुसतच होते.

विचारायचं कुणी? हे विचारणार नाहीत, कारण त्याला वाईट वाटेल. भाऊजी सांगणार नाहीत, कारण दादाला वाईट वाटेल. मी मधे पडले तर दोघांनाही वाईट वाटेल. आमच्या घरात सगळे एकमेकांना इतके जपतात की खऱ्या गोष्टीला टेकायला जागाच राहत नाही.

दुसऱ्या दिवशी दिवा लावला आणि देवाला विचारलं. देवाने नेहमीसारखं माझ्यावरच सोपवलं. मी चपला घातल्या.

"अहो, मी नगरपालिकेत जाऊन तुमच्या अर्जावर हरकत घेऊन येते. येताना काही आणायचंय का?"

"टपालाची तिकिटं आण," हे म्हणाले. मग मान वर केली. "काय घेऊन येतेस?"

"हरकत."

"माझ्यावर?"

"तुमच्यावर कशी घेईन? तुमच्या अर्जावर."

नगरपालिकेतल्या कारकुनाला हा फरक काही पटला नाही. "अर्जदार आपले कोण?" त्याने विचारलं.

"यजमान."

"आणि हरकत?"

"माझी."

त्याने पेनाला टोपण लावलं. "बाई, घरात बोलून मिटण्यासारखं नाही का?"

"आमच्या घरात कुणी बोलत नाही हो."

"भांडण आहे?"

"छे! प्रेम फार आहे."

त्याने टोपण पुन्हा काढलं. "हरकतीचं कारण?"

"ते समितीपुढे सांगेन," मी म्हटलं. तोपर्यंत देव काहीतरी सुचवेल, असा माझा भरवसा होता.

सुनावणी होईपर्यंत ह्यांनी माझ्याशी अबोला धरला नाही. त्याहून वाईट केलं, मला अहो-जाहो करायला लागले. "हरकतदार बाई, मीठ जरा इकडे देता का?" "हरकतदारांची हरकत नसेल तर खिडकी लावतो." भाऊजी हसत. पण हसून झालं की त्यांची नजर खाली असे. एकदा मी एकटी असताना म्हणाले, "वहिनी, कशाला उगाच? दुकान चालायला नको का?" मी म्हटलं, "हवं की." "मग?" मी साबणाच्या वड्या रचायला घेतल्या. तेही बटाटे निवडायला वळले. दोघांनाही एकच गोष्ट माहीत होती आणि दोघंही ती दुसऱ्यापासून लपवत होतो.

सुनावणीचा हॉल लांबट होता. खुर्च्या सरकवल्या की किंचाळायच्या, म्हणून सगळे होते तिथेच अवघडून बसले होते. लांब टेबलामागे समिती. अध्यक्ष दातांचे डॉक्टर. समोरचा बोलायला लागला की ते आधी त्याच्या दाढा बघत आणि मग म्हणणं ऐकत. त्यांच्या शेजारी फुलांच्या दुकानाची मालकीण, करवंदी रंगाचा चष्मा लावलेली, तोंडाने खमकी. कोपऱ्यात आमचा ओळखीचा कारकून. भाऊजींना आम्ही दुकान सांभाळायला ठेवून आलो होतो.

आधी हे उभे राहिले. नवा कोट घातला होता. "आम्हाला दुकानात तो माल ठेवायची परवानगी हवी."

"कोणता माल?" अध्यक्षांनी विचारलं.

"तो. काचेतला."

"काचेत माझ्याकडे फुलदाण्या असतात," फुलवाली म्हणाली. "नक्की काय विकणार आहात?"

"तेच. जे चौकापलीकडे मिळतं ते."

"चौकापलीकडे उशापण मिळतात."

ह्यांचे कान लाल झाले. एवढ्या दिवसांची सवय, जीभच वळेना. "म्हणजे... संध्याकाळी लोक जे घेतात ते. बुचाचं."

अध्यक्षांनी चष्मा काढला. "अहो, ज्याचं नाव घ्यायला तुम्ही एवढे लाजता, ते विकणार कसे?" मागे कुणीतरी फिस्कन हसलं. शेवटी कारकुनानेच अर्जातून वाचून दाखवलं, आणि हे "हो, तेच" म्हणून खाली बसले.

मग माझी पाळी. मी बोलायला लागले तर अध्यक्ष म्हणाले, "तोंड मोठं उघडा." सवयीचा माणूस. कारकुनाने माइक माझ्या अगदी ओठांशी आणला.

"हरकतीचं कारण सांगा."

देवाने अजून काही सुचवलं नव्हतं. खोटं सांगायचं नव्हतं आणि खरं सांगणं म्हणजे भरल्या हॉलात भाऊजींचं वर्म काढणं. "कारण आहे," मी म्हटलं.

"काय आहे?"

"ते सांगता येत नाही."

"मग 'कारण नाही' असं लिहून घेऊ?"

"तसं लिहिलंत तर खोटं होईल."

कारकुनाचं पेन हवेतच थांबलं. अध्यक्षांनी सुस्कारा सोडला. "बरं, मी विचारतो, तुम्ही हो-नाही म्हणा. शाळा जवळ आहे?"

"नाही."

"तुमचे यजमान लहान मुलांना विकतील अशी भीती वाटते?"

"छे हो. मागे एक मुलगा सिगारेट घ्यायला आला, तर म्हणाले आईला घेऊन ये. आई आली, तर तिलाही वय विचारलं."

"दुकानापुढे घोळका जमेल, आरडाओरडा होईल?"

"त्यांना गोंगाट खपत नाही. दाराची घंटासुद्धा त्यांनी चिंध्या बांधून गप्प केलीय."

"मापात, मालात काही फसवाफसवी?"

"एकदा बटाटे कमी भरले गेले म्हणून एका आजींच्या घरी जाऊन एक बटाटा देऊन आले होते."

शेजारी हे हळूहळू खुर्चीत उंच होत होते. फुलवाली पुढे वाकली. "बाई, तुम्ही हरकत घ्यायला आलात की स्थळ सुचवायला?"

हॉलभर हशा झाला. एकेक खरं उत्तर देऊन मीच तो परवाना ह्यांच्या हातात ठेवत होते आणि मला थांबता येत नव्हतं. सासूबाईंना दिलेला शब्द माझ्या डोळ्यांदेखत, माझ्याच तोंडून निसटत चालला होता.

"तर मग," अध्यक्षांनी कागद एकत्र केले, "सबळ कारणाअभावी हरकत—"

मागची खुर्ची किंचाळली. भाऊजी उभे होते. अंगात दुकानातला निळा कोट, बाहीला पीठ.

"दुकानात कोण आहे?" ह्यांनी दबक्या आवाजात विचारलं.

"कुलूप," भाऊजी म्हणाले. मग टेबलाकडे वळले. "साहेब, कारण मी आहे."

"आपण कोण?"

"अर्जदाराचा भाऊ. हरकतदाराचा दीर." जरा थांबले. "वहिनी सांगणार नाहीत, त्यांना तो नेम आहे. दादा विचारणार नाही, त्याला तो धीर नाही. मी पीत होतो, साहेब. आता पीत नाही. आणि मी पीत नाही म्हणून आमच्या घरात तेलसुद्धा नाव न घेता आणतात."

ह्यांच्याकडे बघवत नव्हतं.

"दादा," भाऊजी म्हणाले, "बाटली म्हण."

"अरे, कशाला इथे—"

"म्हण रे. बाटली म्हण. मी मरत नाही."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, छताकडे पाहिलं. माइक अजून मधेच होता. "बाटली," हे पुटपुटले आणि तो शब्द हॉलच्या चारी भिंतींतून मोठा होऊन परत आला.

"बघ. पडलो का मी?" भाऊजी म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते, पण ओठ हसत होते. "तीच गोष्ट म्हणायला आपण किती वळसे घेतले रे."

"मग तुमचीही हरकत समजायची का?" अध्यक्षांचा आवाज आता दवाखान्यातल्यासारखा मऊ झाला होता.

"नाही. दुकान चालायला हवं, माझंही पोट त्यावरच आहे. पण खरं सांगतो. सकाळी मी ठीक असतो. दुपारीही ठीक असतो. संध्याकाळी गिऱ्हाईक नसतं, हात रिकामे असतात. तेव्हा ते समोर असलं तर..." त्यांनी रिकामे हात पुढे केले आणि पुन्हा खिशात घातले. "वहिनींना ते माहीत आहे. मला वाटलं त्यांना माहीत नाही."

समितीच्या लोकांनी डोकी एकत्र आणली. कुजबुज झाली, एकदा फुलवालीने टेबलावर हात आपटला, आणि मग तीच बोलली. "माझं ऐका. काचेचं कपाट नको, लाकडी दारांचं करा, बाहेरून काही दिसता कामा नये. विक्री फक्त संध्याकाळची. आणि किल्ली नवऱ्याकडे नको, ती ह्या बाईकडे. नवऱ्याला हरवायला आली आणि खरं बोलून जिंकवून बसली! हिच्यापेक्षा भरवशाचं माणूस आपल्याला कुठे मिळणार?"

"हरकतदार आणि किल्लीधारक एकच?" कारकून अस्वस्थ झाला. "तसा रकाना नाही."

"मग आखा," अध्यक्ष म्हणाले. "पट्टी नाही का?"

"आणि मी शब्द देतो," भाऊजी म्हणाले. "कपाट उघडं असेल तोवर मी दुकानात नसेन."

"कुठे असाल?"

"सायकलवर. ज्यांना आमच्या कोपऱ्यापर्यंत चालवत नाही, त्यांना चौकापलीकडेही जाता येत नाही. त्यांच्या पिशव्या घरपोच करेन. हात रिकामे राहायचे नाहीत."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी, जिने आयुष्यात त्या वस्तूला बोट लावलं नाही, तिने तिची किल्ली कमरेला लावायची? मी देवाला म्हटलं, आता तरी बोल. तो काही बोलला नाही. सासूबाई मात्र आठवल्या. बाटली कुठे असावी हे त्यांनी कधी सांगितलंच नव्हतं. मी कुठे असावं, तेवढंच सांगितलं होतं.

"चालेल," मी म्हटलं.

"मोठ्याने," अध्यक्ष म्हणाले.

"चालेल!"

घरी जाताना भाऊजी दुकान उघडायला पुढे गेले. आम्ही दोघं मागे रेंगाळत चाललो. हे बोलले तेव्हा पुन्हा अगं-तुगंवर आले होते.

"अगं, त्याने ती नोटीस वाकडी लावली असती ना, तर मला कळलं असतं."

"म्हणून तर सरळ लावली," मी म्हटलं.

ह्यांनी नाक पुसलं. "आणि काय गं, तो एक बटाटा द्यायला गेलो होतो, ते सांगायची काय गरज होती? सगळे हसले."

"खरं होतं ते."

"त्या आजींनी चहा घेतल्याशिवाय मला सोडलं नाही, हेही खरं होतं. तेही सांगायचं होतंस."

कपाट सुताराने करून दिलं. चांगलं जाड लाकूड, दारांना घट्ट कडी. माल आला त्या दुपारी भाऊजी मुद्दाम बटाट्यांच्या पोत्यांकडे पाठ करून सायकलच्या साखळीला तेल देत होते. "दादा," त्यांनी बाहेरूनच हाक मारली, "ती तेलाची बाटली दे रे जरा." हे चपापले. मग कानापर्यंत हसले आणि पळत देऊन आले. त्या दिवसापासून आमच्या घरात वस्तूंना नावं परत आली.

संध्याकाळ झाली. मी देवापुढे दिवा लावला, किल्ली त्याच्या पायाशी ठेवली आणि पुन्हा उचलली. देवाला काय वाटलं असेल ते असो, त्याने ती ठेवून घेतली नाही.

दुकानात आले तर कपाटासमोर आधीच एक जण उभा होता. दातांचे डॉक्टर, टोपी डोळ्यांपर्यंत ओढून. "अटींचं पालन होतं की नाही ते बघायला आलोय," ते म्हणाले.

"पिशवी घेऊन?" मी विचारलं.

त्यांनी पिशवी पाठीमागे नेली. ह्यांनी गंभीर चेहऱ्याने विचारलं, "आपलं वय?"

मी कपाटाकडे गेले, पण किल्ली लावली नाही. दारांना पाठ लावून उभी राहिले. भाऊजींनी निळा कोट काढला, खुंटीला अडकवला, बाह्या सारख्या केल्या. त्या बटाट्याच्या आजींची पिशवी हँडलला डावीकडे, शिंप्याची उजवीकडे. शिंपी परत आला होता, पाय दुखतो म्हणून. पिशव्यांची वजनं सारखी आहेत का हे त्यांनी हाताने तोलून पाहिलं. मग माझ्याकडे बघितलं.

"थांबा हं, वहिनी. मी वळल्यावर उघडा."

"मी कुठे जातेय," मी म्हटलं.

डॉक्टरही टोपी काढून वाट बघत उभे राहिले. भाऊजींनी सायकल पायरीवरून अलगद उतरवली, घंटी न वाजवता, आणि कोपऱ्याकडे निघाले.